घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहायचे ॲनिमेशनपट: सुरुवात कुठून आणि कशी करावी

चार वर्षांचं मूल, अकरा वर्षांचा मुलगा, आई-बाबा आणि आजी. सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहायचं ठरतं. अर्ध्या तासाने धाकटं पडद्याकडे पाठ करून खेळत असतं, मोठा मोबाइलमध्ये गेलेला असतो, बाबांचा डोळा लागलेला असतो आणि आजी केवळ नातवंडांना वाईट वाटू नये म्हणून बसून असते. आमच्याकडे अगदी असंच झालं होतं. सिनेमा गाजलेला होता, दोन तासांचा होता, आणि चांगलाही होता. आम्हीच चुकीच्या टोकाने सुरुवात केली होती.

त्यानंतर भाची आणि आई या दोघींना शेजारी बसवून मी बरंच काही पाहिलं. त्या दोघींच्या वयात पासष्ट वर्षांचं अंतर आहे. एकत्र पाहण्याची गोडी कशी लागते, काय लावावं, कधी लावावं, टीव्हीचं कोणतं बटण आधी बंद करावं, हे त्यातून हळूहळू कळत गेलं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी ते क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: निवडीसाठी एकच प्रश्न

मुलांचा सिनेमा वेगळा आणि सगळ्यांचा सिनेमा वेगळा. फक्त मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी केलेल्या कार्टूनमध्ये आवाज सतत चढा असतो, दृश्य क्षणाक्षणाला बदलतं आणि प्रत्येक पात्र आपल्याला काय वाटतंय ते तोंडाने सांगून टाकतं. मूल ते पाहतं, पण शेजारच्या मोठ्या माणसाला त्यात करण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: मुलं झोपल्यावर हा सिनेमा मी एकटी बसून पाहीन का? उत्तर ‘हो’ असेल तरच तो यादीत जातो.

‘टॉय स्टोरी’ घ्या. १९९५ सालचा हा सिनेमा पूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. पाच वर्षांच्या मुलाला त्यात माणसं खोलीबाहेर गेली की जिवंत होणारी खेळणी दिसतात. पण बझ हे नवं, चकचकीत खेळणं आल्यावर जुन्या, लाडक्या वुडीच्या पोटात जो खड्डा पडतो, तो घरात धाकटं भावंड आलेल्या मुलाला ओळखीचा असतो आणि कामाच्या जागी आपल्यापेक्षा तरुण, हुशार माणूस आलेल्या बाबांनाही. गोष्ट एकच, पण पाहणारा आपापल्या वयाचं काहीतरी तीत शोधतो. आजीसाठी ‘थोडे मोठ्यांचे विनोद’ वरून पेरून हे साधत नाही. गोष्टीचा गाभाच तसा असावा लागतो.

ॲनिमेशन म्हणजे मुलांचं, ही समजूत या कलेच्या मानाने बरीच नंतरची आहे. फ्रान्समध्ये एमिल कोलने १९०८ साली रेषांची माणसं हलवली, जर्मनीत लोटे रायनिगरने काळ्या कागदाच्या कात्रणांतून १९२६ साली ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अखमेद’ हा पूर्ण लांबीचा सिनेमा उभा केला, तेव्हा त्यांच्यासमोर मोठी माणसंच होती. रायनिगरचा हा सिनेमा आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत सर्वांत जुना. तो करायला सुमारे तीन वर्षं लागली. नंतर कधीतरी तोही पाहा, सुरुवातीला मात्र नको.

दुसरी पायरी: आधी लघुपट, आणि तेही बिनसंवादाचे

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा रेंगाळते.

तीन ते दहा मिनिटांच्या लघुपटात कोणाचा कंटाळा वाढायला वेळच मिळत नाही. एखादा आवडला नाही तर पुढचा लावता येतो, आणि आवडला तर लगेच पुन्हा पाहता येतो. मुलांना पुन्हा पाहायला किती आवडतं हे वेगळं सांगायला नको. शिवाय संवाद नसले की सगळे एका पातळीवर येतात. वाचता न येणारं मूल, परकी भाषा न कळणारी आजी, कमी ऐकू येणारे आजोबा, सगळ्यांना एकाच क्षणी तीच गोष्ट कळते. पुष्कळदा मुलाला ती आधी कळते आणि मग ते आजीला समजावून सांगतं. आमच्याकडे गोडी लागली ती या उलट्या शिकवणीमुळेच, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सुरुवातीला पिक्सार या ॲनिमेशन कंपनीचा ‘फॉर द बर्ड्स’ लावा. सन २०००चा, जेमतेम साडेतीन मिनिटांचा. तारेवर बसलेली भांडखोर चिमणी पाखरं आणि त्यांच्यात येऊन बसू पाहणारा एक बावळट, लंबू पक्षी. ती त्याला हसतात, चोची मारतात, आणि पुढे तार जे करायचं ते करते. चार वर्षांचं मूल इथे खदखदून हसतं. शाळेत कोणी चिडवत असलेलं मूल कदाचित हसणार नाही, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

त्याच कंपनीचा १९९७चा ‘गेरीज गेम’ आजी-आजोबांसाठी जवळ ठेवा. बागेत एक म्हातारा बुद्धिबळ मांडतो आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळतो. इकडचा भित्रा, तिकडचा उर्मट. हळूहळू आपणही विसरतो की माणूस एकच आहे. डाव कसा फिरतो आणि बक्षीस काय मिळतं, ते सांगत नाही. घरातली म्हातारी माणसं या शेवटाला मुलांपेक्षा जोरात हसतात. याच कंपनीचा ‘लक्सो ज्युनियर’ दोनच मिनिटांचा, १९८६चा: दोन टेबललॅम्प, एक मोठा, एक लहान, आणि एक चेंडू. दिव्याला डोळे नाहीत, तोंड नाही, तरी कोण बाबा आणि कोण पोर हे विचारावं लागत नाही. हलण्यातून जीव कसा येतो ते यापेक्षा कमी वेळात दुसरं काही दाखवत नसेल.

चेकोस्लोव्हाकियाच्या झ्देनेक मिलेरचा छोटा चिचुंदरीसारखा प्राणी, म्हणजे क्रतेक हा मोल, अगदी लहान मुलांसाठी उत्तम. १९५७ सालच्या पहिल्या गोष्टीत त्याला खिसे असलेली विजार हवी असते. जवसाच्या रोपापासून धागा, धाग्यापासून कापड आणि कापडापासून विजार, असा सगळा प्रवास त्यात आहे. त्यात तो बोलतो. पुढे जगभरच्या मुलांना कळावं म्हणून मिलेरने त्याचं बोलणं काढून टाकलं आणि हसण्या-हुंकारण्याच्या आवाजांसाठी स्वतःच्या मुलींचे आवाज वापरले.

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डचा ‘अ चेअरी टेल’ (१९५७) मी मुद्दाम सुचवते. नॉर्मन मॅक्लारेन आणि क्लोद ज्युत्रा यांचा हा दहाएक मिनिटांचा लघुपट. एका माणसाला खुर्चीवर बसून पुस्तक वाचायचं आहे आणि खुर्ची त्याला बसूच देत नाही. पळते, हटते, रुसते. सतार रविशंकरांची, तबला चतुरलालांचा. खुर्ची आणि माणूस यांच्यातलं भांडण थेट वाद्यांमध्ये ऐकू येतं. माझ्या आईने, जिला ‘कार्टून’ या शब्दाचाच कंटाळा होता, हा लघुपट एका संध्याकाळी तीनदा लावायला सांगितला.

आणि एक शांत. युरी नॉर्श्टाइनचा ‘हेजहॉग इन द फॉग’ (१९७५), दहा मिनिटांचा. साळिंदरासारखा काटेरी छोटा प्राणी आपल्या अस्वलमित्राकडे तारे मोजायला निघतो आणि वाटेत धुक्यात शिरतो. धुक्यात एक पांढरा घोडा दिसतो, नाहीसा होतो. थोडं रशियन निवेदन आहे, पण ते कळलं नाही तरी अडत नाही. हे धुकं करण्यासाठी चित्रावर अतिशय पातळ कागद ठेवून तो फ्रेम-फ्रेमने, म्हणजे दर चित्रागणिक थोडा थोडा, कॅमेऱ्याकडे उचलत नेला होता. हे मुलांना आधी सांगू नका. पाहून झाल्यावर सांगा, मग ती लगेच पुन्हा पाहायला मागतात.

तिसरी पायरी: तीन लघुपटांची संध्याकाळ

पहिल्या दिवशी एवढंच करा. आधी हसवणारा, मधे शांत, शेवटी पुन्हा हसवणारा. वर सांगितलेल्यांपैकी ‘फॉर द बर्ड्स’, मग ‘हेजहॉग इन द फॉग’, मग ‘गेरीज गेम’ असा क्रम लावला तर सगळं मिळून वीस मिनिटांत संपतं. शांत लघुपट पहिला लावला तर मुलं स्थिरावलेली नसतात. शेवटी लावला तर झोपताना जड वाटतं. आणि वीस मिनिटांनंतर मुलांनी ‘अजून एक’ म्हटलं तरी थांबा. उद्यासाठी ओढ राहायला हवी.

शोधायचं कसं? नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडा आपले पुष्कळ लघुपट स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत दाखवतं. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं मोफत सॉफ्टवेअर बनवणारी मंडळी आपले लघुपट सर्वांसाठी खुले ठेवतात. त्यातला ‘बिग बक बनी’ (२००८) दहा मिनिटांचा, दांडगाई करणाऱ्या छोट्या प्राण्यांना धडा शिकवणाऱ्या सशाचा. ‘स्प्रिंग’ (२०१९) फार देखणा. ‘सिंटेल’ (२०१०) मात्र शेवटी मन मोडून जातो, तो मोठ्या मुलांसाठी. स्टुडिओंचे लघुपट बहुतेक वेळा त्यांच्या सिनेमांबरोबर त्याच स्ट्रीमिंग सेवेवर असतात.

व्हिडिओच्या संकेतस्थळावर शोधत असाल तर दिग्दर्शकाचं नाव आणि साल दोन्ही टाका. नुसतं नाव टाकलं की कापलेल्या, वेग वाढवलेल्या, कडा छाटलेल्या प्रती समोर येतात. दुसरं म्हणजे ऑटोप्ले आधी बंद करा. नॉर्श्टाइनचं धुकं संपून मुलाच्या डोळ्यांत ते अजून रेंगाळत असताना पाच सेकंदांत कुठलं तरी कर्कश गाणं सुरू झालं की सगळी संध्याकाळ वाया जाते. तिन्ही लघुपटांची प्लेलिस्ट दुपारीच करून ठेवावी.

चौथी पायरी: अर्ध्या तासाचे

अशा पाच-सहा संध्याकाळी झाल्या की अर्ध्या तासाकडे वळा. हा टप्पा बरेच जण गाळतात. पण लघुपटातून थेट दीड तासावर उडी मारण्यापेक्षा ही मधली पायरी फार उपयोगी पडते.

निक पार्कचा ‘द राँग ट्राउझर्स’ (१९९३) इथे पहिला. मातीसारख्या मऊ प्लॅस्टिसीनच्या बाहुल्या, एक भोळा संशोधक, त्याचा शहाणा कुत्रा ग्रोमिट आणि भाडेकरू म्हणून आलेला एक पेंग्विन. ग्रोमिटला तोंडच नाही. भुवयांची हालचाल आणि डोळ्यांची नजर एवढ्यावर तो घरातल्या कोणाही माणसापेक्षा जास्त बोलतो. पेंग्विनही एक शब्द बोलत नाही, आणि तरी तो पडद्यावर आला की खोलीत शांतता पसरते. शेवटच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या पाठलागात आजोबाही खुर्चीच्या कडेवर येतात.

रेमंड ब्रिग्जच्या पुस्तकावरचा ‘द स्नोमॅन’ (१९८२) सव्वीस मिनिटांचा. सुरुवातीचं छोटं निवेदन आणि एक गाणं सोडलं तर त्यात शब्द नाहीत. मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं उडतात. सकाळी काय होतं ते मोठ्यांना आधीच कळलेलं असतं, मुलांना नाही. इथे मुलं रडू शकतात. रडू द्या. ‘अरे, ते खोटं आहे’ असं म्हणू नका. मुलाला वाटलेलं दुःख खरं असतं.

फ्रेदेरिक बाकचा ‘द मॅन हू प्लांटेड ट्रीज’ (१९८७) तीस मिनिटांचा, रंगीत पेन्सिलींच्या रेषांतून उमटणारा. एक मेंढपाळ ओसाड डोंगरांवर वर्षानुवर्षं बिया पेरत राहतो. यात निवेदन भरपूर आहे, त्यामुळे आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी. मोठी माणसं हा पाहून बराच वेळ बोलत नाहीत.

पाचवी पायरी: पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा

पहिल्यासाठी नव्वद मिनिटांची मर्यादा पाळा, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी लावा. रात्री जेवणं आटोपून सुरू केलेला सिनेमा शेवटच्या वीस मिनिटांत, म्हणजे नेमका जिथे जीव गुंततो तिथे, झोपेला हरतो.

माझी पहिली पसंती जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या ‘माय नेबर टोटोरो’ला. १९८८चा, ८६ मिनिटांचा. आई रुग्णालयात असल्यामुळे सात्सुकी आणि मेई या दोघी बहिणी वडिलांबरोबर गावाकडच्या जुन्या घरात राहायला येतात, आणि शेजारच्या रानात त्यांना एक प्रचंड, केसाळ, झोपाळू जीव भेटतो. या सिनेमात खलनायक नाही. कोणाला हरवायचं नाही, काही जिंकायचं नाही. पावसात बसच्या थांब्यावर वाट पाहत उभ्या असलेल्या दोघींचं दृश्य किती वेळ चालतं ते पाहा. छत्रीवर पडणारे थेंब, पाठीवर झोपलेली धाकटी, आणि मग शेजारी येऊन उभे राहिलेले भलेमोठे पाय. चार वर्षांची मुलं इथे श्वास रोखून बसतात. मोठ्यांना मात्र त्या सगळ्या गमतीखाली आईच्या आजारपणाची धास्ती सतत जाणवते. मियाझाकींची आई त्यांच्या लहानपणी मणक्याच्या क्षयाने दीर्घकाळ आजारी होती. हे ठाऊक झाल्यावर सिनेमा पुन्हा पाहिला तेव्हा मोठी मुलगी जिथे रडते, ते दृश्य मला पहिल्यापेक्षा कितीतरी जड गेलं.

फक्त हसायचं असेल तर ‘शॉन द शीप मूव्ही’ (२०१५). ८५ मिनिटं, आणि कळेल असा एकही संवाद नाही. माणसंसुद्धा नुसती पुटपुटतात.

यानंतर लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिसचा ‘फ्लो’ (२०२४) जरूर पाहा. पूर आलेल्या जगात एक काळी मांजर एका नावेवर चढते. तिथे कॅपिबारा, लेमूर, कुत्रा आणि एक उंच पक्षी. कोणीही माणसासारखं बोलत नाही. मांजर मांजरच राहते. हा सिनेमा वर सांगितलेल्या त्याच मोफत ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये तयार झाला आणि २०२५मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. पाण्याचे प्रसंग धडकी भरवणारे आहेत, म्हणून सहा-सात वर्षांखालच्या मुलांना जवळ घेऊन बसा.

आठ-दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी मग दारं उघडतात: ‘द आयर्न जायंट’ (१९९९), आयर्लंडच्या समुद्रकथांवरचा ‘साँग ऑफ द सी’ (२०१४), मियाझाकींचाच ‘स्पिरिटेड अवे’ (२००१). या शेवटच्यात सुरुवातीलाच आई-वडिलांची डुकरं होतात. लहान मुलांच्या झोपेत ते दृश्य येऊ शकतं, म्हणून घाई नको.

सहावी पायरी: आधी स्वतः पाहा

ही पायरी कधीच सोडू नये. वयोगटाच्या खुणेवरून मारामारी किती आणि भाषा कशी याचा अंदाज येतो, पण *तुमच्या* मुलाला काय लागेल हे त्या खुणेला ठाऊक नसतं. पोस्टरवरून तर काहीच कळत नाही.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण टोटोरोच्याच प्रदर्शनाचं. १६ एप्रिल १९८८ला जपानमध्ये तो ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’च्या जोडीने, एकाच तिकिटात दाखवला गेला. स्टुडिओ एकच, दोन्हींत दोन भावंडं. पण हा दुसरा सिनेमा युद्धात उपाशी पडलेल्या भाऊ-बहिणीचा आहे, आणि तो लहान मुलांना दाखवू नये असं मी ठामपणे म्हणेन. मोठ्यांनी तो एकदा जरूर पाहावा, एकट्याने. तसंच ‘द स्नोमॅन’ आवडला म्हणून त्याच लेखकाच्या पुस्तकावरचा ‘व्हेन द विंड ब्लोज’ (१९८६) मुलांना लावू नका. चित्रं तशीच मऊ आहेत, पण गोष्ट अणुबाँबनंतरच्या एका म्हाताऱ्या जोडप्याची. आणि ‘अ चेअरी टेल’च्या मॅक्लारेनचा ‘नेबर्स’ (१९५२) एका फुलावरून सुरू होऊन भीषण हाणामारीपर्यंत जातो.

आधी पाहताना मी तीन गोष्टी बघते. आई, वडील किंवा प्राणी मरतो का, आणि तो पडद्यावर मरतो की पडद्याआड. अंधार, दात, पाठलाग यांचं एखादं लांब दृश्य आहे का. आणि शेवट कुठे सोडतो.

मरण आहे म्हणून सिनेमा टाळायचा असं मात्र नाही. ‘फाइंडिंग नीमो’मध्ये (२००३) पहिल्या पाच मिनिटांतच आई जाते. ‘अप’च्या (२००९) सुरुवातीला जवळजवळ बिनशब्दांच्या चार मिनिटांत एक अख्खा संसार सुरू होऊन संपतो. मुलाला आधी एवढंच सांगा: “यात सुरुवातीला नीमोची आई जाते. बाबा आणि नीमो राहतात. नको वाटलं तर माझा हात धर.” यामुळे गंमत जात नाही, मूल निर्धास्त होतं.

मोठ्यांचाही विचार करा. ‘कोको’मध्ये (२०१७) विसरत चाललेली पणजी आहे. घरात कोणाची स्मृती जात असेल किंवा नुकतंच कोणी गेलं असेल, तर आजीला आधी विचारून मगच तो लावा. मी विचारलं नव्हतं. आईने सिनेमा पूर्ण पाहिला, पण नंतर कितीतरी वेळ ती एकटी बसून होती.

सातवी पायरी: टीव्हीची एक सेटिंग बंद करा

हे कोणी सांगत नाही, आणि फरक सगळ्यांत जास्त यानेच पडतो.

सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. त्या किंचित तुटकपणातच हालचालीची लय असते. नवे टीव्ही मात्र चित्रांच्या मधे स्वतःच्या मनाने नवी चित्रं तयार करून घालतात, म्हणजे सगळं गुळगुळीत दिसावं. खेळांच्या सामन्याला ते ठीक. पण ॲनिमेशनची लय त्याने मरते आणि कडा वितळल्यासारख्या दिसतात. ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये (२०१८) स्पायडर-मॅन व्हायला नुकत्याच शिकणाऱ्या माइल्सची हालचाल काही ठिकाणी मुद्दाम सेकंदाला १२ चित्रांवर ठेवली आहे आणि त्याच्या शेजारी झेपावणारा तरबेज पीटर २४वर आहे. टीव्हीने मधली चित्रं भरली की दिग्दर्शकांनी इतक्या कष्टाने दाखवलेला तो अडखळेपणा पुसला जातो.

चित्राच्या सेटिंगमध्ये जा. कंपनीप्रमाणे नाव वेगळं असतं: मोशन स्मूदिंग, ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस. ते बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडा, बाकी सगळं आपोआप होतं.

जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ते तसेच राहू द्या. ताणून पडदाभर केलं की सगळी पात्रं जाड होतात. खोलीत एक मंद दिवा चालू ठेवा आणि मुलांना पडद्याला चिकटून बसू देऊ नका. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या भराभर लुकलुकणाऱ्या दृश्यानंतर ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं होतं. घरात कोणाला फिट्सचा त्रास असेल तर असे झगमगाटी सिनेमे टाळलेलेच बरे.

आठवी पायरी: भाषा

डब केलेला पाहावा की मूळ भाषेत, यावर जिवंत नटांच्या सिनेमांबाबत लोक हिरिरीने भांडतात. ॲनिमेशनमध्ये मी डबिंगला कमी मानत नाही, कारण इथे प्रत्येक आवाज कोणीतरी स्टुडिओत उभं राहून दिलेलाच असतो. जपानमध्ये तर पूर्वापार चित्रं आधी होतात आणि आवाज नंतर. तेव्हा लहान मुलं असतील तर चांगलं डबिंग निवडा, दोन मिनिटं ऐकून बघा, आवाज नुसते ओरडत असतील तर सोडून द्या. सबटायटल लावले तर अक्षर मोठं करा. वाचायला नुकतंच शिकलेलं भावंड धाकट्याला ओळी वाचून दाखवू लागलं, तर त्याला थांबवू नका. सिनेमा हवा तेव्हा पॉज करता येतो.

पाहताना

मोठ्यांनी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. मूल पडद्याइतकंच तुमच्याकडेही पाहत असतं. तुम्ही हसलात का, दचकलात का, डोळे पुसलेत का, हे सगळं ते टिपतं.

“कळलं का?” असं विचारू नका, आणि तात्पर्य तर मुळीच विचारू नका. मुलाने विचारलं, “तो घोडा कुठे गेला?” तर खरं उत्तर द्या: “मलाही नाही कळलं. तुला काय वाटतं?” माझ्या भाचीने धुक्यातल्या घोड्याबद्दल दिलेलं उत्तर, ‘तो झोपायला गेला, आणि झोपेत तो धुकं होतो’, मला अजून आठवतं.

मूल मधेच उठून गेलं तर जाऊ द्या. पुन्हा येतं. आलं नाही तर तो सिनेमा वर्षभराने पुन्हा लावून पाहा. शेवटची श्रेयनामावली संपेपर्यंत मात्र टीव्ही बंद करू नका. संगीत चालू असतं, आणि घरातलं कोणीतरी तेव्हाच काहीतरी बोलतं.

शेवटची पायरी: एकदा स्वतः करून बघा

चार-पाच आठवडे पाहून झाल्यावर एका दुपारी सगळ्यांनी मिळून पाच सेकंदांचं ॲनिमेशन करा. सेकंदाला १२ फोटो, म्हणजे एकूण ६०. फोन पुस्तकांच्या चवडीला टेकवून पक्का बसवा, कारण तो जरासा हलला तरी सगळं चित्र उडी मारतं. खिडकीचा पडदा ओढून एकच दिवा लावा. उन्हात ढग आला-गेला की फोटोंचा उजेड लुकलुकतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात, ते करा. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारखं ॲप आधीचा फोटो पुसटसा दाखवतं, त्यामुळे वस्तू किती सरकवली ते कळतं.

वस्तू साधी घ्या: एक बटण, एक खोडरबर. मुलाने ते बोटाच्या पेराएवढं सरकवायचं आणि हात बाजूला घ्यायचा, आजीने फोटो काढायचा, मोठ्या भावाने मोजायचं. सुरुवात आणि शेवट हळू हवा, म्हणजे तिथे अंतर कमी ठेवायचं आणि मधे वाढवायचं. मग बटण निघताना अंग सावरतं, थांबताना दमतं. सावली फोटोत येऊ देऊ नका. एखाद्या फोटोत हात राहिलाच तर तो पुसू नका. मुलांना तोच भाग सगळ्यांत आवडतो.

तासाभरात होईल. मग ते सलग चार-पाच वेळा चालवा आणि त्याच्यामागोमाग लगेच ‘अ चेअरी टेल’ पुन्हा लावा. या वेळी खुर्ची हलली की मुलं आपोआप मोजायला लागतात.